चूक ओरडून सांगणारी चाची

फोन नीट कानाला लाव गो बाय, तोच कान धरायचाय तुझा. परवा फोनवर काय बोललीस? "आत्ये, त्या लोकांना चूक कबूल करायची सवयच नसते." कोण गो ते लोक? लहानपणी जिच्या मांडीवर बसून कोय चोखायचीस, ती चाची त्यांच्यातलीच ना?

अगो, चूक सांगावी ती चाचीनेच! आमच्या आंब्याच्या कारखान्यात ती सालं काढणाऱ्या बायांची मुकादम. हातून डागी आंबा रसात गेला, की चाची भोंग्यासारखी ओरडायची, "माजा चुकला गो! थांबवा सगला!" आम्ही हसायचो, तेवढा रस ओतून द्यायचा, की पुन्हा कामाला. म्हातारे शेठही तसेच. "आज कच्चा माल मीच उतरवून घेतला, मला शिव्या घाला," म्हणायचे. मग आम्हालाही सांगायला लाज वाटत नसे. गणपतीवाल्या असोत की ईदवाल्या, सगळ्यांचं तोंड सारखंच मोकळं.

शेठ गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीत बसला. त्याचा कायदा एकच. जिची चूक, तिच्या घरातली एकूण एक बाई कामावरून बंद. आमच्या कुसुमने जुन्या सवयीने खरं सांगितलं, तर तिच्यासोबत तिची म्हातारी आईही गेटाबाहेर. त्या दिवसापासून डागी आंबे रसात जातच राहिले, ओरडणारं कोणी उरलं नाही. मालक म्हणायचा, "तुमची जातच खोटारडी!" चाची माझ्या कानाशी लागली, "तुजी नि माजी जात एक केलान गो यानं."

तेव्हा हसलो. पुढे एकदा वाफेचा नळ चाचीकडूनच उघडा राहिला नि तिचा हात भाजला. "कोणी केलं?" मालक गरजला. चाचीने हात ओढणीत गुंडाळला नि सुट्टी होईपर्यंत आंबे सोलले. सून तिथेच कामाला होती ना. नंतर चाची डॉक्टरांना म्हणाली, "घरात चायचा आधण सांडला." उशीर झाला, दोन बोटं गेली.

कारखाना कधीच बंद पडला गो. पण चाचीच्या मनातला मालक काही उठत नाही. सार खारट झालं तरी म्हणते, "मी नाय घातला मीठ." साखरेचा आजार, डॉक्टरांनी अनवाणी फिरू नको म्हणून बजावलेलं. ही तशीच गेली भाट्याच्या समुद्रावर वाळूत, शिंपल्याने पाय कापला. आता पाय पांघरुणाखाली. सून रडते, मी पाया पडते, ती एकच म्हणते, "मी खय गेलंच नाय. माज्या पायाला काय झालेला नाय." काल पांघरूण ओढायला गेले, तर माझ्यापासून अंग चोरून भिंतीला टेकली. माझ्यापासून गो!

तू दवाखान्यात नर्स आहेस, रोज जखमा बघतेस. कोणी केलं, कसं झालं, ते विचारू नकोस. नुसती तिच्याजवळ बस. तुला कदाचित पाय दाखवील. खोलीत आता वास यायला लागलाय. रजा मिळेल तेव्हा नको, आजच्या गाडीने ये.