मामी अंगठ्यानं मटण वाचायची

मामी गेल्याचं कळलं तेव्हा मी गोंदियाच्या बाजारात ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं वाटत होते. केशोरीहून मामेभावाचा फोन आला. "ताई, आई गेली..." आता महिना होऊन गेला. लिहायला बसले, कारण एक गोष्ट तिच्यापाशी कबूल करायची राहून गेली.

केशोरीच्या बाजारात मामी मटणाच्या दुकानाशी आली की दुकानदार हसून कपाळाला हात लावायचा. मामी मांसात अंगठा रोवायची. खळगा लगेच भरून आला तरच पुढची बोलणी. मग वास, मग चरबी पांढरी की पिवळी. कोंबडी असली तर छातीच्या हाडाचं टोक वाकवून पाहायची. वाकलं तर कोवळी. "सोयरीक जमवून राहिली काय वो काकू?" तो विचारायचा. "पोरगी देतानी एवढं पाहत नाईत, मनून तं मंग रडतेत," मामीचं उत्तर तयार.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे आली. मी हौसेनं तिला गोंदियातल्या नव्या, गारेगार दुकानात नेलं. फ्रीजमध्ये मटणाची बंद पाकिटं. मी लेबलावरची तारीख वाचून दाखवली. माझ्या पत्रकात हेच तर लिहिलेलं असतं. मामीनं पाकीट तिरपं करून तळाशी साचलेलं लाल पाणी पाहिलं, प्लॅस्टिकवरूनच अंगठा रोवला. खळगा तसाच राहिला. "खोलून दाखव गा," ती म्हणाली. काउंटरवरचा माणूस खेकसला, "अम्मा, हाथ मत लगाओ! तारीख देखो. पढ़ना नहीं आता क्या?"

"तारीख तं तुमीच छापता ना!"

रांग हसली. कधी शाळा न पाहिलेल्या माझ्या मामीला हसली. आणि सभांमध्ये घसा फोडणारी मी तिचा दंड धरून पुटपुटले, "चल ना मामी, लोक पाहून राहिले."

पायऱ्या उतरताना तिनं विचारलं, "तुहे कागद दुकानाबाहेरच बोलतेत काय वो?" आणि स्वतःच हसून माझ्या पाठीवर थाप मारली. घरी वांगी केली, मलाच दोन घास जास्त वाढले. रागावली असती तर बरं झालं असतं...

पैसे आम्ही द्यायचे आणि माल पाहायचाही नाही, हा कुठला न्याय? तिला जेवढं वाचता येत होतं, तेवढं त्या लेबलाला लिहिताच येत नव्हतं. हे मी तिथंच, त्या रांगेसमोर म्हणायला हवं होतं.

तेरवी करून परतले आणि सरळ त्याच दुकानात गेले. माणूसही तोच. "खोलो. देखे बिना नहीं लूँगी."

"सील टूटा तो लेना पड़ेगा."

"अच्छा होगा तो लूँगी."

रांग अडली, मागून कुणीतरी चुकचुकलं. मी हलले नाही. शेवटी त्यानं कात्री घेतली. मी वास घेतला, अंगठा रोवला. खळगा झटकन भरून आला. चरबी पांढरी. मटण चांगलं निघालं! वर्षभर घोकलेलं भाषण तोंडातच राहिलं, आणि बाजूला मामी उभी असल्यासारखं स्पष्ट ऐकू आलं, "चांगलं हाये तं घे ना माय. आता कायले भांडून राहिलीस?"

घेतलं.