पल्स जातोय

उज्जैनच्या टॉवर चौकातल्या आपल्या एसटीडी बूथवर विमलताई कधी बसलेल्या मला आठवत नाहीत. स्टूल होतं, पण त्यावर त्यांची पर्स बसायची. त्या उभ्या, हातात शटरची किल्ली, नजर मीटरच्या लाल आकड्यांवर; दर काही सेकंदांनी एक पल्स पडायचा आणि बिल वाढायचं. काचेच्या खोक्यात कुणी "और बताओ, बाकी सब ठीक?" असं सुरू केलं, की किल्ली काचेवर टकटक वाजायची. "भैया, मुद्दे की बात करो, पल्स जा रहा है!" गिऱ्हाईक जितकं लांबण लावेल तितका आपला फायदा, हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं.

रेल्वेतून निवृत्त झालेले माझे बाबा दर रविवारी तिथून मला पुण्याला फोन करायचे. बाबा मूळचेच संथ. हवापाणी, मंदिरातली गर्दी, मग आईचा गुडघा. ती टकटक मला पुण्यात ऐकू यायची, आणि मागून विमलताईंचं उज्जैनी मराठी, "भाऊसाहेब, गुडघ्यावर या ना लवकर!"

एका रविवारी बाबा गुडघ्यावर आले आणि शब्दच बिघडले. काहीतरी भलतंच बोलले, मग नुसताच घोगरा आवाज. मी हॅलो हॅलो ओरडत राहिले. तेवढ्यात विमलताईंचा आवाज आला, "बेटा, बाबांचं तोंड वाकडं झालंय. फोन ठेव, मला लाइन पाहिजे." आणि त्यांनी फोन आपटला. उज्जैनला आमच्या घरी फोन नव्हता. मी खोलीत येरझारा घालत होते, बूथचा नंबर पुन्हा पुन्हा फिरवत होते, नुसतीच घंटी वाजत होती. त्या दिवशी मला त्या बाईचा भयंकर राग आला.

पुढचं सगळं आईने नंतर सांगितलं. बूथभोवती माणसं जमली. "हवा लग गई है, घर ले जाओ, तेल मलो, आराम करने दो." कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो विमलताईंनी हाताने बाजूला सारला. शेजारच्या गल्लीत रुग्ण तपासायला येणारा इंदूरचा एक डॉक्टर मागे त्यांच्याच बूथमधून कुणाच्या तरी नातेवाइकांवर ओरडला होता, "रात भर सुलाया क्यों? लकवा लगते ही लाना था!" तेवढी एकच वेळ त्यांनी काच वाजवली नव्हती. त्याच्याच रुग्णालयाला त्यांनी फोन लावला. "आत्ता, माझ्यासमोर, बोलता बोलता झालंय. उजवा हात पडलाय. निघतोय." मारुती व्हॅन थांबवली, वाटेत आईला उचललं, आणि इंदूरपर्यंत ड्रायव्हरचं डोकं खाल्लं.

डोक्याचा फोटो काढून डॉक्टरांनी समजावलं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. जांघेतून बारीक नळी थेट तिथवर नेऊन तारेने ती फोडायची, वर औषध सोडायचं. आमच्याकडे हे नवीन आहे. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीवही जाऊ शकतो. नाही केलं, तर बोलणं आणि हात बहुधा परत येणार नाहीत.

आई सहीचं पेन धरून थिजली. "एकदा मुलीला विचारते," ती म्हणाली.

विमलताईंनी टेबलावर किल्ली वाजवली. "वहिनी, पल्स जातोय."

आईने सही केली. त्या टकटकीचा राग तिने पुढे कित्येक महिने धरला, पण सही केली.

नळी आत जात असताना बाबा जागे होते. डोक्यात गरम काहीतरी पसरलं, म्हणायचे. तिथे टेबलावरच त्यांची बोटं हलली. वाचाही परतली, मात्र अडखळत. एकेका शब्दाला ते चाचपडत.

पुन्हा रविवारचे फोन सुरू झाले. बाबा एखाद्या शब्दापाशी अडले, की मी इकडे टकटकीची वाट पाहायचे. ती आलीच नाही. "त्या… पाठ… करून उभ्या राहतात," बाबांनी सांगितलं. "किल्ली… मुठीत. पाय मात्र… थांबत नाहीत." आई म्हणायची, बाबांनी शब्द शोधून काढेपर्यंत त्या बाईचाच जीव वर-खाली होतो.

मग मोबाइल आले. बूथ बंद झाला.

एकदा रविवार नसताना बाबांचा फोन आला. "विमलताई…" म्हणाले आणि अडले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. पुढचा शब्द मला कळला होता, पण तो मी त्यांच्या तोंडी घातला नाही.

"गेल्या," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मुद्द्याचं… बोललो ना?"

"हो, बाबा."

त्यानंतर कितीतरी वेळ आम्ही दोघांनीही फोन ठेवला नाही.