मी माही गवाही मागे घेतली

माह्या रागाबद्दल आमच्या मोहल्ल्यात कोणाले सांगायची गरज नाही. भाजीवाली दारापुढं आली का आधी अंगणात कोण हाये ते पाहते. आमचे हे दिसले तं आवाज देते, मी दिसली तं हातगाडी पुढं ढकलते. एकदा मेथीच्या जुडीवरून मी तिले असं झाडलं होतं का बिचारीनं काही दिवस आमची गल्लीच सोडली.

आम्ही बालाघाटचे, आजोबांच्या वेळेपासून ख्रिस्ती. माहेर माहं भंडाऱ्याकडचं, म्हणून घरात मराठी; चर्चमधी सारं हिंदीत. "तू प्रार्थना हिंदीत करतं आन् भांडण मराठीत," असं हे म्हणतात. त्या बोलण्याचाही मले रागच येते.

माणसाच्या आत देहाची एक ओढ राहते आन् पवित्र आत्म्याची एक, आन् दोघींचं कधी जमत नाही, हे मी संडे स्कूलपासून ऐकत आली. पण देह म्हणजे दारू, जुगार, असलं काही, असं मले वाटे. आमच्या घरात त्यातलं काहीच नव्हतं. माही तं फक्त जीभ सुटे. सुटली का मंग मीच म्हणे, बाप्पा, मी मनात काही ठेवत नाही, जे हाये ते तोंडावर. जसा काही लोकांवर उपकारच करून राह्यली.

आमच्या चर्चमधी रविवारी भजनं झाली का गवाहीचा वेळ राहते. देवानं ज्याच्यासाठी काही केलं तो उभा राहून सांगते. कोणाचा ताप उतरला, कोणाच्या पोराले मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत काम भेटलं. लोक हालेलूया म्हणतात, माणूस खाली बसते. एकदा गवाही देल्ली का ती पक्की. ती खरी होती का खोटी, हे मंग कोणी उघडून पाहत नाही.

एका वर्षी नाताळाच्या आधी आम्हा बायांचे उपास-प्रार्थना चालू होते. मी रागासाठी प्रार्थना धरली होती. आन् काय सांगू, राग गेलाच! पंधरवडा झाला, मी कोणावर एक शब्द चढवला नाही. मले इतका आनंद झाला का रविवारी मी पहिल्यांदा उभी राह्यली आन् साऱ्यांपुढं सांगतलं, प्रभूनं माह्यातला राग मुळासकट काढून नेला. हालेलूया अशी जोरात झाली का मागच्या ओळीतलं लेकरू उठून रडलं.

आता खरं सांगायचं तं, त्या पंधरवड्यात सून तिच्या भावाच्या लग्नासाठी परसवाड्याले माहेरी गेलती आन् आमचे हे वारासिवनीले बहिणीकडं. घरात रागावाले होतंच कोण? पण हे तवा माह्या ध्यानात आलंच नाही. सून आदल्याच दिवशी परत आलती आन् गवाहीच्या वेळी बायांच्या ओळीत माह्या बाजूलेच बसली होती.

त्याच दिवशी पास्टर साहेब आन् त्यायच्या बाई जेवाले येणार होते. सुनेनं भात टाकला. झाकण उघडलं तं भाताचा पार गिचका. माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या मायपासून सुरुवात केली, तिच्या गावावर गेली, मंग तिच्या हातावर, चालण्यावर, लग्नात आणलेल्या भांड्यांवर. बोलता बोलताच मले आठवलं का डब्यातले जुने तांदूळ संपले होते आन् नवे मीच भरले होते. नव्या तांदळाले पाणी कमी लागते, हे तिले माहीत होतं. तांदूळ बदलला हे तिले कोणी सांगतलंच नव्हतं. आठवलं, तरी मी थांबली नाही. हेच मले आजही सगळ्यात जास्त लागते. मले कळून राह्यलं होतं आन् मी बोलून राह्यली होती.

दार वाजलं. मी पदरानं तोंड पुसलं आन् हसून म्हटलं, "जय मसीह की, साहेब, या." जेवताना पास्टर साहेब तोच गिचका भात खात सुनेले म्हणाले, तुमचं नशीब मोठं, अशी सासू भेटली, गवाही ऐकून आमचे डोळे भरून आले. सून वाढत होती. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन परसवाड्याच्या बसमधी बसून गेली.

पोरगा मलाजखंडले ठेकेदाराकडं बिजलीचं काम करते, सुट्टीले घरी येते. त्याचा फोन आला. माह्यासारखा तो ओरडत नाही, बापावर गेला. म्हणाला, "आई, ती म्हणते मी त्या घरात येत नाही. मी इथंच खोली पाहून राह्यलो. तू काही कर, नाही तं आम्ही वेगळे झालो समज." एकुलता एक पोरगा. मी फोन ठेवला आन् आधी त्याच्यावरच चिडली.

सुनेले आणाले सासूनं जायचं, हे आमच्यात कुठं पाह्यलं नाही. पोरगा जाते, नाही तं तिचा भाऊ आणून सोडते. माहा देह म्हणे, बस घरी, गरज पडली का तीच येईन. मी खाटेवर बसून दोन्ही बाजू ऐकल्या. मंग उठली, लुगडं बदललं आन् आमच्या ह्यायले म्हटलं, मी चालली. हे म्हणाले, "मीही येऊ का?" म्हटलं, नोको. भांडली मी, तं जाईन मीच.

परसवाड्याले तिची माय, म्हणजे माही ईहीन, अंगणात धान वाळवत होती. मले पाहून तिनं बसा म्हटलं नाही, पाणी देल्लं नाही. हिंदीत सुरू झाली. मोठे गवाहीवाले आले म्हणाली. मंदिरात असे लोक आम्हीही पाहिले, म्हणाली, कपाळावर देव आन् तोंडात मिरची. ते हिंदू लोक; लग्नाच्या वेळी आम्हीच त्यायले सांगतलं होतं का आमच्या घरी तुमच्या पोरीले प्रेमानं ठेवू, आमचा धर्मच प्रेमाचा.

माह्या जिभेवर उत्तर तयार होतं. तयार म्हणजे असं तयार, का तिच्या थोरल्या पोरीच्या घरचं सारं मले माहीत होतं आन् एका वाक्यात मी तिले खाली बसवली असती. मी दात आवळले. मनात फक्त एवढंच म्हटलं, प्रभू, हे वाक्य तू धर, माह्याच्यानं धरवत नाही. अंगात कोणतीही शांती-बिंती उतरली नाही. कानशिलं ठणकत होती. पण वाक्य बाहेर आलं नाही, आन् मी म्हटलं, "समधनजी, तुम्ही बरोबर बोलून राह्यल्या."

तिनं पोरीले आवाज देल्ला. मंग आतून सून आली.

मी तिची माफी मागितली. तांदळाचं सांगतलं, आठवूनही थांबली नाही तेही सांगतलं. मले वाटलं आता ही रडन, मी रडीन, आन् आम्ही संध्याकाळच्या बसनं घरी. ती रडली नाही. म्हणाली, "मम्मी, आपने सबके सामने बोल दिया कि ग़ुस्सा चला गया. अब मैं किसको बताऊँगी? सब मुझे ही झूठी बोलेंगे."

मले तं हे सुचलंच नव्हतं. मी गवाही देल्ली होती देवाच्या महिम्यासाठी, आन् त्याच गवाहीनं इकडं या पोरीचं तोंड बांधलं गेलं. उद्या ही पास्टर साहेबांकडं गेली असती तरी ते म्हणाले असते, बाई, त्या तं बदलल्या. ती म्हणाली, रविवारी मी येते. तुम्ही उभं राहून गवाही परत घ्या. घेतली तं मी घरी येईन. नाही तं चर्चमधूनच मी मलाजखंडची गाडी पकडीन.

परतताना मी पास्टर साहेबांच्या घरी गेली. ते नेक माणूस. म्हणाले, बहनजी, घरातलं घरात मिटवा. नव्या लोकांचा विश्वास डळमळीत होईन, आन् गवाही काय कोणी परत घेते का? मले खूप बरं वाटलं. अगदी थंड पाणी भेटल्यासारखं वाटलं. आन् ज्या अर्थी मले इतकं बरं वाटून राह्यलं होतं त्या अर्थी हे आत्म्याचं नाही, देहाचंच हाये, हे मले त्यायच्या फाटकातच कळलं. माह्या देहाले मी आता ओळखाले लागली होती. मी परत आत गेली आन् म्हटलं, साहेब, रविवारी मी उभी राहीन. तुम्ही बसवलं तरी राहीन.

रविवारी ती आली. पोरगाही आला. दोघं दाराजवळ बसले, पिशवी पायाशी. भजनं झाली, मी उभी राह्यली. मी म्हटलं, त्या दिवशी मी सांगतलं का माहा राग गेला. तो गेला नाही. त्या दिवसांत माह्या घरात कोणी नव्हतं म्हणून तो दिसला नाही. त्याच दुपारी मी माह्या सुनेले नाही नाही ते बोलली, आन् चूक माही होती. ती काही सांगन तं ते खरं माना. मी रागासंग लढून राह्यली आन् रोज लढीन, पण जिंकली असं मी म्हणणार नाही.

कोणी हालेलूया म्हटलं नाही. अशा गवाहीले काय म्हणायचं कोणाले माहीतच नव्हतं. ढोलकवाल्यानं उगाच ढोलक बाजूले सरकवली. मी खाली बसली, आन् मले शरम वाटली, खूप वाटली, पण उठून पळावं असं नाही वाटलं.

ती घरी आली.

गुरुवारी परत झालं. तिनं गॅसवर दूध ठेवलं आन् फोनवर बोलत बसली, दूध सारं उतू गेलं. मी तोंड उघडलं आन् पहिल्या दोन वाक्यांतच तिच्या मायपर्यंत पोचली. ती वळली आन् मोठ्यानं म्हणाली, "मम्मी, बस!" शेजारीण बाहेर तिच्या दारात उभी होती, तिनंही ऐकलं. माह्या आयुष्यात मले कोणी असं बोललं नव्हतं, माह्या सासूनंसुद्धा नाही. देह म्हणे, हिले दाखव. मी पक्कड घेतली, दुधाचं भांडं उतरवलं, फडक्यानं ओटा पुसला. पूर्ण पुसून होईपर्यंत तोंड बंद ठेवलं. मंग पाट ओढून खाली बसली आन् म्हटलं, आता तू बोल. माह्याबद्दल जे हाये ते सारं बोल, मी मधी बोलत नाही.

तिनं माह्याकडं पाह्यलं, खरंच म्हणून राह्यली का पाहाले. मंग तीही खाली बसली. पहिली गोष्ट तिनं सांगतली ती लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची होती, आन् मले ती आठवतसुद्धा नव्हती. मी म्हटलं, पुढं सांग.