प्रशिक्षकांचा सत्कार

इटलीने विश्वचषक जिंकला त्या दिवशी कॅनडातल्या एटोबिकोत आमच्या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. त्याचा परिणाम असा झाला की आमच्या मराठी मंडळातल्या चौदा सॉफ्टवेअरवाल्यांना आपणही फुटबॉल खेळावा असं वाटू लागलं. सगळे चाळिशीला टेकलेले. शाळेत बहुतेकांनी क्रिकेट खेळलेलं, तेही अंपायर म्हणून. कार्यवाह मला केलं, कारण मी त्या मीटिंगला उशिरा पोचलो.

प्रशिक्षक माझ्या शेजारीच राहत होते. इटलीत लहानसहान क्लबांकडून बारा वर्षं मधल्या फळीत खेळलेले, मग तिथेच एकामागून एक सात क्लबांचे मॅनेजर आणि सातही ठिकाणांहून काढून टाकलेले. हे ते स्वतःच सांगायचे, भाड्याची घरं बदलल्याचं सांगावं तसं. बायको गेल्यावर मुलीकडे कॅनडात आले आणि बॅकयार्डमध्ये टोमॅटो लावू लागले. मी विचारलं तेव्हा त्यांनी हातातली झारी खाली ठेवली आणि एवढंच म्हणाले, "कधीपासून?" त्यांना इतकं खूष मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांची पद्धत एकच होती. गोल खायचा नाही. दहा जणांनी आपल्या गोलपाशी थांबायचं आणि अकराव्यानेही फार लांब जायचं नाही. दोन मोसम आम्ही जवळजवळ सगळे सामने शून्य-शून्य बरोबरीत सोडवले. मला हे मनापासून आवडलं, कारण पळावं लागत नसे. पण मंडळींना गोल मारायचे होते. बायकामुलं चहाचे थर्मास घेऊन यायची आणि नव्वद मिनिटं काहीही घडायचं नाही.

"अरे, माझा मुलगा हाफटाइमला विचारतो, डॅड, व्हेन डझ इट स्टार्ट?" समितीत एकाने तक्रार केली. "आपण मार्कहॅमच्या त्या यंग कोचला अप्रोच करू. सर्टिफाइड आहे."

ठराव मंजूर झाला. म्हाताऱ्याला सांगायचं कोणी? अर्थात कार्यवाहाने.

मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा टोमॅटो घेऊन परत आलो. मग मला आपल्याकडचा मार्ग सुचला. आपण कोणाला तोंडावर 'जा' म्हणत नाही, शाल-श्रीफळ देतो. खांद्यावर शाल पडली की भल्याभल्यांना कळतं, आता खुर्ची सोडायची. समितीला कल्पना फारच आवडली, कारण तीत कोणालाच काही बोलावं लागणार नव्हतं.

सत्कार शाळेच्या जिममध्ये झाला. चार जणांनी भाषणं केली. पुढच्या शनिवारपासून येऊ नका, असं एकानेही म्हटलं नाही. ते शालीत आलंच होतं. कोचनी नारळ दोन्ही हातांत धरला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "सात क्लबांत मला कोणी काही दिलं नाही." त्यांचे डोळे भरून आले. मी पंख्याकडे बघत राहिलो.

एरवी दर शनिवारी मी त्यांना माझ्या गाडीतून न्यायचो. त्या शनिवारी हॉर्न न वाजवता गुपचूप निघालो. मैदानावर पोचलो तर ते हजर. बसने आले होते. सप्टेंबर संपत आला होता, गार वारा होता, आणि ती शाल मफलरसारखी गळ्याभोवती गुंडाळून ते सामन्याआधीच्या सरावासाठी प्लास्टिकचे कोन मांडत होते. मार्कहॅमचा कोच अर्ध्या तासात पोचणार होता.

"कोच," मी म्हणालो, "ती शाल..."

"माहीत आहे," ते म्हणाले. "जिममध्ये शिरलो तेव्हाच कळलं. सगळे माझ्याशी फार गोड वागत होते."

"मग आज कशाला आलात?"

"सात वेळा मला पत्र आलं. कोणी समोर येऊन सांगितलं नाही. म्हटलं, तू शेजारी आहेस. तू सांगशील."

ते हातातला कोन तसाच धरून थांबले. मग मी सांगितलं. एक वाक्य होतं फक्त. ते टाळण्यासाठी मी एका म्हाताऱ्या माणसाला भर जिममध्ये उभं केलं होतं, याची मला तेव्हा भयंकर लाज वाटली आणि आजही वाटते. त्यांनी मान हलवली, गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि थर्मासवाल्या बायकांमध्ये जाऊन बसले.

त्या दिवशी आम्ही तीन गोल मारले आणि नऊ खाल्ले. मुलं आनंदाने ओरडत होती. परतताना ते माझ्या गाडीत बसले. वाटेत एकदाच बोलले, "मधली फळी उघडी होती." त्यांच्या दारापाशी गाडी थांबवून मी सॉरी म्हणालो.

"थांब," म्हणून ते आत गेले आणि टोमॅटो घेऊन आले.