अरुंद पुलाचा बोर्ड

खेडकडे जाताना आमच्या गावाशी महामार्ग एका जुन्या पुलावर एकदम आखडतो. पुलाआधीच्या वळणावर दोन लोखंडी खांबांवर बोर्ड होता : ‘पुढे अरुंद पूल आहे. वाहने सावकाश हाका.’ आम्हा गावकऱ्यांना तो कधी लागलाच नाही. सायकल शिकल्यापासून त्या वळणावर हात आपोआप ब्रेकवर जातो.

गणपतीआधी मंडळाचा बॅनर बांधायचं काम माझ्याकडे असे. ‘चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत’, आणि खाली आम्हा कार्यकर्त्यांचे फोटो. त्यात माझाही, केस काळे करून काढलेला. त्या वर्षी बरोबरचा शेजारी म्हणाला, “हितंच बांध. खांब तयार हायत, सगल्यांना दिसंल.” मला पटलं; फोटो दिसणार म्हणून जरा जास्तच पटलं. बोर्ड पुरता झाकला गेला, हे आम्ही दोघांनीही पाहिलं. “येनाऱ्यांना पूल म्हाईत हाय,” हे मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास पुलावर मोठा आवाज झाला. आमच्या वाडीतलं एक कुटुंब भाड्याच्या गाडीने मुंबईहून येत होतं आणि सगळे पेंगत होते. ड्रायव्हर सोलापूरकडचा, या रस्त्याला पहिल्यांदाच आलेला. समोरून ट्रक आला, दोघांना जागा नव्हती, गाडी कठड्यावर आदळली. मागची माणसं हातपाय मोडून वाचली. ड्रायव्हर जागीच गेला.

लोक गाडीचं दार उचकटत होते. मी मात्र वळणाकडे पळालो, कोयतीने दोऱ्या कापल्या आणि बॅनर गुंडाळून रानात फेकला. माणूस चेपलेला असताना मला हे सुचलं, याची आजही किळस येते. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं की सूचनाफलक ठळक असूनही चालकाने वेग कमी केला नाही. पंच म्हणून खाली सही माझी.

पुढे मीच अर्जांवर अर्ज करून तिथे गतिरोधक आणि रिफ्लेक्टर बसवून घेतले. गावाने सत्कार केला, मी मान खाली घालून शाल घेतली. सगळ्यांना तो विनय वाटला.

पण त्याआधी, त्याच वर्षी विसर्जनानंतर, त्या ड्रायव्हरची बायको आली होती. जागा दाखवायला मलाच पाठवलं. सांगून टाकायचं, असं वाटेत दहा वेळा ठरवलं. तिने बोर्ड एकेक शब्द लावत वाचला.

“एवढा मोठा बोर्ड,” ती म्हणाली. “लई जपून चालवायचे हो ते. कसा दिसला नसंल?”

“पाऊस होता, वहिनी,” मी म्हणालो. त्या सकाळी लख्ख ऊन होतं.

ती पुलावर जाऊन कठड्याला हात लावून आली. मग डोळे पुसून तिने मला हात जोडले.

“आमच्या माणसाच्या चुकीनं तुमच्या लोकांना ऐन सणात त्रास झाला. माफ करा, दादा.”

आणि मी म्हणालो, “असू दे.”