पासमधली चूक

माझे मिस्टर लग्नाआधीपासून पेठेतल्या तालीम मंडळाच्या संघातून फुटबॉल खेळायचे. बॅकला, म्हणजे बचावाला. मी त्यांची एकच मॅच बघितली, तीही अर्धीच. ऊन सोसेना म्हणून उठून घरी आले. पुढं नोकरी, संसार यात खेळ मागं पडला. चाळिशीनंतर त्यांचे पाय अडखळायला लागले. तपासण्यांत स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार निघाला, आणि बघता बघता ते खुर्चीला खिळले.

माझ्या भावानं वेळ जावा म्हणून टीव्हीला जोडायचा फुटबॉलचा गेम आणून दिला. पहिल्याच दिवशी ते वैतागले.

"हे काय फुटबॉल हाय? बॉल दोरी बांधल्यागत जातोय. कोण दमत न्हाय, कोण घसरत न्हाय!"

मी शाळेत शिकवते. सूचना वाचून समजून घ्यायची सवय. सेटिंगमध्ये शिरले तर तिथं सगळ्याला पट्ट्या होत्या. खेळाचा वेग, थकवा, पासमधली चूक. पट्टी सरकवली की खेळ बदलायचा. मग दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं त्याच्या मागं लागलो.

"वेग कमी कर. अजून. आपल्या मैदानावर कोण असं पळत न्हाय."

"आणि थकवा?"

"वाढव की! शेवटाला पाय दगडागत झाले पायजेत."

पट्टी सरकवता सरकवता ते बोलत राहायचे. पाऊस झाल्यावर गोलसमोर कसा चिखल व्हायचा, फायनलला त्यांचा पास चुकून समोरच्या संघाच्या पायात कसा गेला, आणि त्या दिवशी ते घरी न येता रंकाळ्यावर, तळ्याच्या काठाला, एकटेच का बसून राहिले. इतकी वर्षं संसार केला, पण हे मला ठाऊक नव्हतं. पासमधली चूक त्यांनी बरीच वर ठेवायला लावली. "चुकायला पायजे," म्हणाले, "तर ते खरं."

थंडी सरता सरता त्यांचे पास फारच चुकायला लागले.

"पासमधला एरर जास्त झालाय. जरा कमी कर."

मी सेटिंग उघडलं. पट्टी होती तिथंच होती. मी त्यांच्या हाताकडं बघितलं. अंगठा रिमोटच्या बटणावर टेकत होता, पण दाबला जात नव्हता. मी पट्टी खाली ओढली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही.

एकदा ते म्हणाले, "अजून खाली घे." आणि मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच पडद्यावर वाचलं.

"शून्यावर हाय की."

त्यांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. मग त्यांनी रिमोट माझ्या मांडीवर सरकवला.

"आता तू खेळ. मी सांगतो."

मला काही येत नव्हतं. ते ओरडायचे, "टाक की! डावीकडं, डावीकडं! अगं, आपल्याच माणसाला आडवी जातीस?" मी हसायचे, तेही हसायचे, आणि हसता हसता त्यांना ठसका लागायचा. पुढं ओरडणं पुटपुटण्यावर आलं. मग ते नुसते डोळ्यांनी डावं-उजवं दाखवायचे, आणि मी पडद्याकडं बघायचं सोडून त्यांच्याकडं बघून खेळायचे.

श्रावणात ते गेले. तालमीची माणसं खांदा द्यायला आली.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी गेम लावला. बॉल माझ्या खेळाडूकडं आला. कुठं टाकायचा ते मला कळेना. मी थांबले. समोरच्यानं येऊन तो काढून नेला. मी एकही बटण दाबलं नाही, मॅच आपोआप चालू राहिली.

शेजारच्या वहिनी फराळाचं ताट घेऊन आल्या तेव्हा मी तशीच बसले होते.

"मॅच बघताय व्हय? कोण जिंकलं?"

मी रिमोट मांडीवरून बाजूला ठेवला. वहिनींनी ताट खाली ठेवलं आणि त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.