आठव्या दिवसाची मुलगी

सोमवारी सकाळी माझ्या भावाच्या कपाळावर देवी उमटल्या. अकराव्या दिवशी तो गेला.

एवढं लिहून मी कागद बरेच दिवस बाजूला ठेवला होता. पुढचं लिहायला घेतलं आहे ते त्याच्याविषयी नाही. त्याच्याविषयी मला लिहिता येत नाही. त्या अकरा दिवसांत ज्यांनी आमचं उरलेलं घर राखलं, त्यांचे उपकार कुठेतरी लिहून ठेवावेत, इतकाच हेतू आहे.

तेव्हा मी कल्याणच्या शाळेत मास्तर होतो. घरात आई, माझी बायको आणि सतरा वर्षांचा हा भाऊ. वडील आधीच गेले होते. भावाचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं, म्हणून गावात कुणाला अर्ज किंवा जाहिरात लिहून हवी असली की मी मजकूर सांगत असे आणि तो लिहीत असे.

त्याच हिवाळ्यात देवी डॉक्टर माझ्याकडे आले. देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, ठाण्याहून सरकारी माणूस येई, त्याला लोक असंच म्हणत. चावडीवर लावायला त्यांना जाहिरात हवी होती. मजकुरात एक ओळ नवी होती: ज्यांना लहानपणी देवी काढल्या आहेत, पण ज्यांचं वय दहाच्या पुढे आहे, त्यांनीही पुन्हा काढून घ्याव्यात. ती ओळ आली तशी भावाने लेखणी थांबवली.

"दादा, ही पण लिहू? मिशा फुटलेली माणसं पोरांच्या रांगेत उभी राहतील होय?"

"गाळ ती," मी म्हणालो. "लोक हसतील, आणि हसले की पोरांनाही आणणार नाहीत."

डॉक्टरांना मी हे सांगितलं नाही. जाहिरात लागली. पुष्कळ पोरं आली. मोठं कुणी आलं नाही, माझा भाऊही नाही. त्याच्या दंडावर लहानपणचे दोन व्रण होते आणि आमच्या समजुतीने तेवढे जन्माला पुरणारे होते.

त्या सोमवारी मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी भावाला दारातूनच पाहिलं आणि मला ओसरीवर नेलं.

"याचं आता देवाच्या हाती. पण तुम्ही तिघं? बुधवारपर्यंत काढल्या तर बहुधा निभावेल. त्याच्यापाशी कोण बसतं?"

"माझी बायको."

"मग आधी तिला."

आता वासराच्या अंगावरची लस येते, त्यामुळे तेव्हाची अडचण नव्या लोकांना सांगावी लागते. तेव्हा लस एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर नेत. देवी काढल्यापासून आठव्या दिवशी फोड भरतो, त्यातलं पाणी घ्यायचं. एकदोन दिवस उशीर झाला की ते निरुपयोगी. म्हणून आठव्या दिवसाचं मूल पुढच्या गावी न्यावं लागे, आणि म्हणूनच त्या दिवशी आया मुलांना लपवून ठेवत. पोराच्या अंगातली देवी काढून नेली तर पोर खंगतं, अशी समजूत होती.

"बुधवारी आठवा दिवस भरणारी एकच मुलगी माझ्याकडे आहे," डॉक्टर म्हणाले. "डोंबिवलीच्या बाजूला, खाडीवरच्या मिठागरात. तिला खडवलीला न्यायचं होतं, पण आई तयार नाही. तुम्ही जाऊन पाहा."

घरात येऊन मी आईला सांगितलं. ती भावाच्या उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवत होती. सकाळपासून घरात फोडणी बंद होती, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. देवी घरी आली की ती पाहुणी. तिचं सगळं तिच्या मर्जीने चालायचं.

"अरे, ती घरात बसलेली असताना तू दुसरीला सुईने बोलावणार?" आई म्हणाली. "तिचा राग कुणावर निघेल? याच्यावरच ना?"

"आई, हिला काही झालं तर?" मी बायकोकडे पाहत म्हणालो.

"हिला काही होत नाही. हिच्या हातावर व्रण आहेत."

माझी बायको खाटेशी वारा घालत बसली होती. तिने मान वर केली नाही. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. रात्रंदिवस तीच त्याच्यापाशी असे, कारण पाणी मागायचं तर तो तिच्याकडेच मागे.

मंगळवारी मी शाळेत निरोप पाठवून मिठागरांकडे चालत गेलो. वाडीत सातआठ झोपड्या होत्या. बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन बांधावरून येत होत्या. मुलीचा बाप कुदळ टेकून उभा राहिला. मी काय मागायला आलो आहे ते कळल्यावर तो हसला.

"मास्तर, तुमचे घरान आमचा पानी चालत नाय, नि आमचे पोरीचा पू चालंल?"

आसपासची माणसंही हसली. त्याचं म्हणणं खरं होतं. तेवढ्यात मुलीची आई पाटी उतरवून आली. मूल तिच्या कडेवर होतं, वर्षाच्या आतलं. त्याच्या दंडावर फडकं बांधलेलं होतं.

"घरान किती मानसा हायत?" तिने विचारलं.

"भाऊ धरून चार."

"भाव किती वर्सांचा?"

"सतरा."

तिने कडेवरचं मूल सावरलं. मग नवऱ्याला म्हणाली, "आपला पहिला गेला तवा कोन आयला व्हता का विचाराला? ह्यो आयलाय तरी."

नवऱ्याने कुदळ उचलली आणि बांधाकडे गेला. बाई मला म्हणाली, "उंद्या येतो. पन माजे पोरीला कोनी वंगाल बोलाचा नाय."

बुधवारी ती उन्हं वर यायच्या आत आली. एवढं अंतर मूल कडेवर घेऊन चालत. डॉक्टर तिच्याबरोबर होते. दोघं अंगणात उभे राहिले. आई दारात आली आणि उंबऱ्यावर हात आडवा धरून उभी राहिली.

"मी नको म्हणून सांगितलं होतं," ती मला म्हणाली. पाहुण्यांकडे तिने पाहिलं नाही. "डॉक्टर, तुमचं शास्त्र मला ठाऊक नाही. पण घरात देवी बसली आहे. तिच्यादेखत हे होणार नाही."

डॉक्टर शास्त्र सांगू लागले. मीही काही बोललो. पुस्तकातलं बोललो असेन, आता आठवत नाही. आईचा हात तसाच होता. मुलीच्या आईने आमचं ऐकून घेतलं आणि मग ती सरळ माझ्या आईशी बोलली.

"आये, देवी काय एकाच घरची हाय? मोठी तुमचे घरान आयलीय. माजे पोरीचे हातावं तिची धाकटी भन हाय. भन भनीला भेटाला आयली त मोठी रागावंल का?"

आईने पहिल्यांदाच त्या मुलीकडे पाहिलं. मूल जागं होतं, स्वतःची मूठ चोखत होतं.

"हिला दूध पाजलंस का वाटेत?" आईने विचारलं.

"पाजला ना. दोनदा."

आईने हात खाली घेतला. आत गेली ती तांदूळ, नारळ आणि खण घेऊन बाहेर आली. ओसरीवर पाट मांडला, त्यावर त्या बाईला मुलीसकट बसवलं, मुलीला कुंकू लावलं आणि तिच्या आईची ओटी भरली. देवी पाहुणी आली की तिची ओटी भरायची, हे आईला ठाऊक होतं. धाकटी आली होती, म्हणून धाकटीची भरली. माझ्या सगळ्या पुस्तकांना जमलं नसतं ते त्या बाईने एका बोलण्यात केलं होतं.

मग आईने माझ्या बायकोला हाक मारली. "ये गं. आधी तू." बायकोने दंड पुढे केला. तिच्यानंतर आई स्वतः बसली, शेवटी मी. मूल एकदाच रडलं, डॉक्टरांनी फोडाला सुई लावली तेव्हा. आईने त्याला उचलून घेतलं आणि ते गप्प होईपर्यंत अंगणात फिरवलं. नंतर ती अंघोळ करील असं मला वाटलं होतं. तिने केली नाही, आणि त्याविषयी पुढे कधी बोलली नाही.

भाऊ पुढच्या आठवड्यात गेला. शेवटचे दोन दिवस त्याला दिसत नव्हतं. सुतक चालू असतानाच माझ्या बायकोला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तिच्या अंगावर फोड आले. आईने दिवा जवळ धरून ते मोजले. सात होते. आठवा आला नाही. पाचसहा दिवसांत खपली धरून ते गळूनही गेले. डॉक्टर येऊन पाहून गेले. "ही लस नसती तर सात मोजता आले नसते, मास्तर," एवढंच म्हणाले. आईला आणि मला काहीच झालं नाही.

डॉक्टर निघाले तेव्हा गाळलेल्या ओळीचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी जोडे घालणं थांबवलं आणि पुन्हा ओसरीवर बसले. मला वाटलं होतं ते रागावतील. पण म्हणाले, "मीही चावडीवर जाऊन जाहिरात वाचायला हवी होती. वाचली नाही." मग म्हणाले, "आता लिहा."

मी लिहिली, माझ्या वाईट अक्षरात. लोक हसायचे ते हसलेच. चावडीवर कुणी कुणाला "काय रे बाळ, आईला आणलंस का बरोबर?" असं विचारी. पण जाहिरातीने फार माणसं आणली नाहीत. आणली ती आईने. तळ्याकाठच्या देवळात दुपारी पुराण संपलं की ती बायकांत बसे आणि पदर सारून दंड दाखवी.

"म्हातारपणी काढल्या हो या," ती सांगे. "कुणाकडून? मिठागरातल्या लेकीकडून. माझी सून आज दिसते ती तिच्यामुळे. आणि माझा मुलगा का दिसत नाही, तेही विचारा."

असं सांगणं तिला सोपं जात नसे. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाई. पहिल्यांदा दोन बायका आल्या, त्यांनी आपल्या थोरल्या मुलांना आणलं, मग त्यांचे नवरे आले. मिठागरांकडे ती बाई तेच करत होती, तिच्या पद्धतीने. "बामनाचे म्हातारीने काडून घेतल्या, नि तू भितंस?" असं ती गड्यांना विचारी, हे डॉक्टरांनीच मला हसत सांगितलं. तीन हिवाळे असे गेले. आंबिवली, टिटवाळ्याकडच्या गावांतूनही मोठी माणसं येऊ लागली, आणि आठव्या दिवसाची मुलं लपवणाऱ्या आया कमी झाल्या. डॉक्टरांची बदली झाली तेव्हा ते निरोप घ्यायला आले आणि आईच्या पाया पडले. आई संकोचली. "माझ्या नव्हे," ती म्हणाली, "तिच्या पडा." डॉक्टर म्हणाले, "तिथूनच आलो."

त्या बाईचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. दरवर्षी संक्रांतीला आई तिच्याकडे तिळगूळ पाठवी, आणि तिच्याकडून मीठ येई. आई गेली त्या वर्षी ती स्वतः आली, अंगणात बसली, रडली आणि पाणी मागितलं. माझ्या बायकोने आतल्या तांब्यातून दिलं.

आता घरात मी, बायको आणि आमच्या दोन मुली आहोत. बायकोच्या कपाळावर दोन आणि मनगटावर पाच खुणा आहेत.